जर्मन क्विअर कॉमिक्समधली सर्वनामं: 'एर' आणि 'झी'च्या पलीकडे (वाचन, अक्षरजुळणी, अनुवाद)

शाईदौत

पुण्या-मुंबईत जर्मन शिकणारे पुष्कळ आहेत. बी1 (मधल्या) पातळीपर्यंत पोचलं की बरेच जण कॉमिक्सकडे वळतात, कारण वाक्यं छोटी असतात आणि चित्र मदतीला असतं. त्यात क्विअर कॉमिक हाती आलं, की 'क्सीअर', 'डेय', 'हेन', 'एन' असे शब्द समोर येतात. पाठ्यपुस्तकात ते नसतात, नेहमीच्या शब्दकोशात मिळत नाहीत, आणि वाचणाऱ्याला वाटतं छपाईची चूक असावी. चूक नाही. ही लिंगनिरपेक्ष सर्वनामं आहेत आणि त्यांना रीतसर विभक्ती आहेत. या धाग्यात त्यांचं व्याकरण, कॉमिकच्या फुग्यात ती बसवताना येणाऱ्या अडचणी आणि मराठीत आणण्याचे मार्ग एकत्र करू या.

सुरुवात मुळापासून. इंग्रजीत एका माणसासाठी 'दे' वापरून काम भागतं. जर्मनला ते का जमत नाही? कारण जर्मनचं अनेकवचनी सर्वनाम आहे 'झी', आणि 'ती' (स्त्रीलिंगी एकवचन) यासाठीही शब्द 'झी'च. आदरार्थी 'तुम्ही' तोही 'झी', फक्त लिहिताना पहिलं अक्षर मोठं. त्यामुळे एका व्यक्तीला अनेकवचनी 'झी' म्हटलं की ऐकणारा 'ती' असंच समजतो. मराठी वाचकाला हे चटकन कळेल. आपल्याकडेही 'ती आली' म्हणजे एक बाई, आणि 'ती आली' म्हणजे मुलं, दोन्ही होतं.

दुसरी गोष्ट दिलाशाची. जर्मन क्रियापद लिंग दाखवत नाही. 'इश बिन गेगांगेन' (मी गेलो/गेले) हे बाई म्हणो, पुरुष म्हणो, नॉनबायनरी (स्वतःला फक्त पुरुष किंवा फक्त बाई न मानणारी) व्यक्ती म्हणो, रूप एकच. विधेयातलं विशेषणही बदलत नाही. 'म्यूडे' म्हणजे दमलेला, दमलेली, दमलेलं, सगळं. लिंग दिसतं ते तृतीय पुरुषी सर्वनामात, उपपदात, नामाआधीच्या विशेषणात आणि व्यक्तिवाचक नामाच्या शेपटीत ('फ्रॉइंट' मित्र / 'फ्रॉइंडिन' मैत्रीण). अडचणीच्या जागा मोजक्या आहेत, पण त्या वाक्यावाक्यात येतात.

हिरवी_चौकट

चांगला धागा. कॉमिकचा माध्यम म्हणून वेगळा विचार करायला हवा, कादंबरीचे नियम इथे तसेच लागत नाहीत.

फुग्यात पात्रं एकमेकांशी बोलतात, म्हणजे 'इश' (मी) आणि 'डू' (तू). दोन्ही लिंगनिरपेक्ष. शिवाय कोण बोलतंय हे फुग्याची शेपटी सांगते, 'असं किम म्हणाली' हे लिहावंच लागत नाही. तृतीय पुरुष मुख्यतः तीन ठिकाणी उरतो: निवेदनाच्या चौकोनात, दोन पात्रं गैरहजर तिसऱ्याबद्दल बोलतात तेव्हा, आणि कुणी कुणाची ओळख करून देतं तेव्हा. चाळीस पानांच्या कॉमिकमध्ये अशा जागा थोड्याच भरतात.

म्हणूनच प्रत्येक जागा वजनदार असते. वाचकाने पात्राचं चित्र आधी पाहिलेलं असतं आणि केस, खांदे, कपडे बघून मनात 'एर' (तो) किंवा 'झी' (ती) ठरवून टाकलेलं असतं. सर्वनाम उशिरा आलं, समजा विसाव्या पानावर, तर वाचकाला अडखळल्यासारखं होतं आणि तो शब्दाला दोष देतो. पात्र दिसल्यावर दोन-तीन पानांच्या आत सर्वनाम यायला हवं, तेही कर्त्याच्या जागी, वाक्याच्या सुरुवातीला. पहिल्याच भेटीत 'क्सीम' असं चतुर्थीचं रूप दाखवलं तर नवख्याला मूळ शब्द ओळखता येत नाही.

कारकप्रेमी

विभक्ती लिहून ठेवतो. क्रम जर्मन व्याकरणाचा: नॉमिनाटिव (कर्ता), गेनिटिव (संबंध), दातीव (ज्याला दिलं तो), आकुझातिव (कर्म).

पुल्लिंगी: एर, झाइनर, ईम, ईन. स्त्रीलिंगी: झी, ईरर, ईर, झी. हे दोन संच शेजारी धरले की पुढचे संच कसे घडलेत ते दिसतं.

'क्सीअर' हा संच इली आना हेगर यांनी घडवला. हेगर स्वतः कॉमिक्स काढतात आणि या सर्वनामांचं व्याकरणही त्यांनी कॉमिकमधून समजावलं आहे. आपल्या विषयाशी इतका थेट दुवा दुसरा नाही. रूपं: क्सीअर, क्सीझर, क्सीम, क्सीन. उपपद आणि संबंधी सर्वनामासाठी: डीअर, डीस, डीम, डीन. स्वामित्वदर्शक रूप 'क्सीस' या अंगाला नेहमीचे प्रत्यय लावून होतं: बॅग स्त्रीलिंगी असेल तर 'क्सीझ' + 'ए' म्हणजे 'क्सीझे टाशे'. घडण बारकाईने पाहा. 'झी' आणि 'एर' यांची सांधणी आहे, दातीवचा 'म' आणि आकुझातिवचा 'न' पुल्लिंगी संचातून आलेत. जर्मन कानाला म्हणूनच विभक्ती लगेच लागते, शब्द नवा असला तरी. आधीचं रूप 'झीअर' होतं. ते बोलताना 'झी'त मिसळून जातं, सुरुवातीच्या 'क्स'ने ते वेगळं ऐकू येतं.

'डेय' हा इंग्रजी 'दे'वरून आला. डेय, डेरेन, मग दातीवमध्ये कुणी 'डेनेन' वापरतं तर कुणी 'डेम', आकुझातिवमध्ये बहुधा पुन्हा 'डेय'. एकच प्रमाण रूप नाही. एक संच निवडा आणि पुस्तकभर तोच ठेवा. 'डेरेन'ला पुढच्या नामाप्रमाणे प्रत्यय लागत नाहीत ('डेरेन टाशे', 'डेरेन कोफर'), हा मोठा फायदा. तोटा असा, की 'डेरेन' आणि 'डेनेन' हे शब्द जर्मनमध्ये आधीपासून अनेकवचनासाठी आहेत. 'इश ब्रिंग झी डेनेन' (मी ती बॅग त्यांना नेऊन देईन) वाचून पुष्कळांना बॅग अनेक लोकांना द्यायची आहे असं वाटेल.

'हेन' स्वीडिशमधून आला. तिकडे तो 2015 मध्ये स्वीडिश अकादमीच्या शब्दसूचीत दाखल झाला. जर्मनमध्ये हेन, हेन्स, हेम, हेन. आणि 'एन' हा फेराइन फ्युअर गेश्लेश्ट्सनॉइत्रालेस डॉइच या संस्थेच्या पद्धतीतला: एन, एन्स, एम, एन. त्या पद्धतीत नामंही बदलतात: शिक्षक व्यक्तीसाठी 'डे लेरेरे', अनेकवचन 'डी लेरेर्ने'.

सगळ्यात माझं मत 'क्सीअर'च्या बाजूने पडतं. विभक्ती पूर्ण आहेत, कुठेही दुसऱ्या शब्दाशी गल्लत होत नाही. पण बोलीभाषेतल्या, विशीतल्या पात्रांच्या तोंडी 'डेय' जास्त सहज वाटतो, हेही खरं.

नवशिका_बी1

'डेय'सोबत क्रियापद कोणतं? इंग्रजीत 'दे आर', मग 'डेय झिंट'?

कारकप्रेमी

नाही. 'डेय इस्ट', 'डेय गेट', 'डेय हाट'. क्रियापद नेहमी एकवचनी. ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे आणि ती इंग्रजीतून येते. 'क्सीअर', 'हेन', 'एन' या सगळ्यांना हाच नियम.

दुसरी चूक: 'पेर्झोन' हा शब्द वापरून सुटका करून घेणं. 'आइने पेर्झोन' लिहिलं की व्याकरणाने पुढचं सर्वनाम 'झी' येतं, कारण नाम स्त्रीलिंगी. दोन फुग्यांनंतर वाचक विसरतो की 'झी' नामासाठी होतं आणि पात्र बाई आहे असं धरून चालतो. 'मेन्श' घेतला तर 'एर' येतं, 'किंट' (मूल) घेतला तर 'एस'. मराठीत नेमकी हीच वाटणी आहे: तो माणूस, ती व्यक्ती, ते मूल. 'येमांट' (कुणीतरी) आणि 'वेर' (कोण) हेही तटस्थ दिसतात, पण संबंधी वाक्यात ते नेहमीच्या वापरात पुल्लिंगी 'डेर' ओढून आणतात.

नवशिका_बी1

आणि पत्रात? 'झेर गेएर्टे फ्राऊ' (आदरणीय बाई) आणि 'झेर गेएर्टर हेर' (आदरणीय महोदय) एवढंच शिकवतात.

शाईदौत

'गुटन टाग' आणि पुढे पूर्ण नाव, बस. 'गुटन टाग किम म्युलर'. सभ्य आहे, सर्रास चालतं, आणि समोरच्याचं लिंग माहीत नसतानाही उपयोगी. ई-मेलखाली सहीत सर्वनाम लिहिलेलं असेल तर पुढच्या पत्रात तेच पाळायचं.

अक्षरजुळणी

छपाईच्या बाजूने थोडं सविस्तर लिहिते, कारण चांगला अनुवाद फुग्यात बिघडलेला फार ठिकाणी दिसतो.

सर्वनामांच्या जोडीला नामांची चिन्हं येतात, 'लेझर' (वाचक पुरुष) आणि 'लेझरिनेन' (वाचक बायका) यांना एकत्र आणणारी: 'लेझर*इनेन' (तारा), 'लेझर_इनेन' (खाली रेघ), 'लेझर:इनेन' (विसर्गासारखे दोन टिंब). यातली खालची रेघ, म्हणजे जेंडर गॅप, 2003 मध्ये श्टेफन किटी हेरमान यांनी मांडली. पुरुष आणि स्त्री रूपांच्या मधली मोकळी जागा ही दोन्हींत न बसणाऱ्यांची जागा, अशी कल्पना.

कॉमिकमध्ये ताऱ्याला आधीच एक काम असतं. फुग्यात तारा, आणि चौकटीच्या तळाशी तारा लावून संपादकाची टीप, ही जुनी पद्धत. ज्या पुस्तकात तळटिपा आहेत तिथे 'फ्रॉइंड*इन' वाचताना डोळा आपोआप खाली टीप शोधायला जातो. उपाय दोन: टिपांसाठी आकडे किंवा खंजीर-चिन्ह वापरा आणि तारा फक्त नामांसाठी ठेवा, किंवा टिपा चौकटीबाहेर काढून पुस्तकाच्या शेवटी द्या.

दुसरं, कॉमिकची अक्षरं बहुधा सगळी मोठी असतात. मोठ्या अक्षरांत आदरार्थी 'झी', स्त्रीलिंगी 'झी' आणि अनेकवचनी 'झी' तिन्ही एकसारखे दिसतात. वाक्यात दोन 'झी' येत असतील तर एकाच्या जागी नाव घाला. मोठ्या अक्षरांचा आणखी एक फटका: शब्दाच्या मधलं मोठं 'इ' वापरून लिहायची जुनी पद्धत (लेझर आणि इनेन जोडून) इथे निकामी होते. सगळंच मोठं असल्यावर ते 'इ' दिसणार कसं? शब्द सरळ 'लेझरिनेन', म्हणजे फक्त बायका, असा वाचला जातो.

तिसरं, फाँट. हस्ताक्षरी कॉमिक फाँट बरेचदा इंग्रजीसाठी बनलेले असतात. काम घेण्याआधी एक चाचणी ओळ टाइप करून बघा: तिन्ही उमलाउट मोठ्या अक्षरांत, मोठं 'एस्त्सेट' (ß या अक्षराचं मोठं रूप, ते 2017 पासून अधिकृत आहे), तारा, दोन टिंब, खालची रेघ. तारा बहुतेक फाँटमध्ये अक्षराच्या माथ्यावर चढलेला असतो. मोठ्या अक्षरांच्या मजकुरात तो खाली आणून अक्षरांच्या मध्यावर ठेवा आणि दोन्ही बाजूंचं अंतर किंचित कमी करा. खालची रेघ हस्ताक्षरी फाँटमध्ये पुष्कळदा शेजारच्या अक्षरांना चिकटते किंवा फार लांब पडते. तिची रुंदी आखडून घ्यावी लागते.

चौथं, ओळ तुटणं. फुगा लहान, जर्मन शब्द लांब. इंग्रजीतून जर्मनमध्ये येताना मजकूर वाढतोच. सॉफ्टवेअर 'लेझर*' वरच्या ओळीत ठेवून 'इनेन' खाली ढकलतं आणि शब्दाचा अर्थच तुटतो. ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना वर्ड जॉइनर हे न दिसणारं चिन्ह घाला, किंवा तेवढ्या अक्षरांना 'ओळ तोडू नको' ही सूचना लावा. तोडायचंच असेल तर मूळ शब्दात, नेहमीच्या जोडरेघेने.

हिरवी_चौकट

यात भर: उच्चार. तारा, रेघ, टिंब काहीही लिहिलं तरी बोलताना तिथे कंठात क्षणभर अडवणूक होते, 'लेझर', थांबा, 'इनेन'. फुगा म्हणजे बोलणं. म्हणून फुग्यातला तारा हा पात्राचा उच्चार आहे आणि तो प्रत्येक पात्राच्या तोंडी सारखा असू शकत नाही. साठीतला शेजारी तारा बोलणार नाही, त्याची विद्यापीठात शिकणारी नात बोलेल. अनुवाद करणाऱ्याने सगळ्या पात्रांना एकसारखं बोलायला लावलं की स्वभावातले फरक पुसले जातात.

धरणकाठ

मला एक शंका आहे. इतका खटाटोप करण्यापेक्षा सर्वनाम टाळलं तर? कॉमिकमध्ये ते सोपं आहे. नाव पुन्हा लिहायचं. 'किम कॉम्ट श्पेटर', किम उशिरा येईल. जर्मन वाचकाला अडखळायला होत नाही आणि विभक्तीही शिकाव्या लागत नाहीत.

अक्षरजुळणी

टाळणं हे तंत्र म्हणून चांगलं आहे आणि जागाही वाचते. 'किम' तीन अक्षरांचं, 'क्सीअर' रोमन लिपीत चार. काही नॉनबायनरी लोक स्वतःसाठीही कुठलंच सर्वनाम न लावता फक्त नाव वापरायला सांगतात. अशा पात्रासाठी तोच एकमेव बरोबर मार्ग आहे.

पात्राचं नाव निवडताना मात्र शेवटचं अक्षर बघा. जर्मनमध्ये नावाला 'स' लावून संबंध दाखवतात: 'किम्स टाशे', 'रोबिन्स टाशे'. नाव 'स', 'क्स', 'त्स' यांवर संपत असेल तर नुसतं वरचं स्वल्पचिन्ह येतं. 'आलेक्स' हे नाव क्विअर कॉमिक्समध्ये लोकप्रिय आहे, पण सर्वनामाविना चालवायचं म्हटलं तर प्रत्येक पानावर 'आलेक्स'' असा लोंबता अपॉस्ट्रॉफी दिसत राहतो, आणि बोलताना तो ऐकूच येत नाही.

हिरवी_चौकट

मला टाळाटाळ पुरेशी वाटत नाही, आणि हे मनापासून सांगावंसं वाटतं. सर्वनाम काढून टाकलं तरी वाचकाच्या डोक्यातलं 'एर' किंवा 'झी' निघत नाही. चित्राने ते आधीच पेरलेलं असतं. नॉनबायनरी पात्राला पूर्ण पुस्तकात एकदाही सर्वनाम मिळालं नाही तर बहुतेक वाचक त्या पात्राला पुरुष किंवा बाई समजूनच पुस्तक मिटतात. इंग्रजी मुळात ठळकपणे 'दे' असेल आणि जर्मन अनुवादात फक्त नाव असेल, तर मुळातली एक गोष्ट गाळली गेली आहे.

माझा सल्ला: ओळखीच्या जागी, भांडणाच्या जागी, प्रेमाच्या जागी सर्वनाम वापराच. उरलेल्या फुग्यांत नाव चालेल. भांडणाची जागा विशेष महत्त्वाची. कुणी मुद्दाम चुकीचं सर्वनाम वापरतं हा अशा कॉमिक्समधला नेहमीचा प्रसंग, आणि बरोबर सर्वनाम आधी रुजलेलं नसेल तर त्या चौकटीतला घाव वाचकाला जाणवतच नाही.

धरणकाठ

भांडणाचा मुद्दा पटला. तसा विचार केला नव्हता.

जुनेअंक

थोडा इतिहास, कारण जर्मन क्विअर कॉमिक म्हणजे फक्त गेली काही वर्षं असा समज होऊ नये. कॉमिककार राल्फ क्योनिग यांचं 'श्वूलकॉमिक्स' 1981 मध्ये आलं, 'डेर बेवेक्टे मान' 1987 मध्ये. त्यावरचा 1994 चा चित्रपट जर्मनीत प्रचंड चालला. त्या पिढीच्या कॉमिक्समध्ये प्रश्न सर्वनामांचा नव्हता. समलिंगी पुरुष 'एर'च होते, आणि आपसांत थट्टेने, मायेने एकमेकांना 'झी' किंवा 'टुंटे' (बायकी वागणारा समलिंगी पुरुष) म्हणणं हा वेगळाच भाषिक खेळ होता. अनुवाद करताना हे लक्षात ठेवा. 1980 च्या दशकातलं पात्र दुसऱ्या पुरुषाला 'झी' म्हणतं तेव्हा ते आजच्या अर्थाचं सर्वनाम नाही, त्याला 'क्सीअर' करून टाकू नका.

बर्लिनच्या श्वूलेस म्युझेउम या क्विअर संग्रहालयात 2016 साली 'सुपरक्विरोज' हे कॉमिक्सचं प्रदर्शन झालं. त्याच्या उपशीर्षकात 'एलजीबीटीआय*' असा तारा आणि 'हेल्ड_इनेन' (नायक-नायिका) अशी रेघ, दोन्ही चिन्हं एका ओळीत होती. त्या काळात दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदत होत्या याचा तो छापील पुरावाच. नंतर तारा पुढे गेला, रेघ मागे पडली. यावरून पुस्तकाचा काळही साधारण ओळखता येतो.

प्रकाशकांत बर्लिनचे याया, रेप्रोडुक्ट आणि आवांट यांच्या याद्या चाळा.

आणखी एक, नावांविषयी. जर्मनीत पूर्वी नोंदणी कचेऱ्या मुलाच्या नावावरून लिंग कळायलाच हवं असा आग्रह धरत. तो मोडला 5 डिसेंबर 2008 च्या संविधान न्यायालयाच्या निकालाने, आणि ते प्रकरण होतं 'किरण' या नावाचं. मुलीचं नाव किरण ठेवायचं होतं, कचेरी म्हणत होती यावरून मुलगी आहे हे कळत नाही, जोडीला दुसरं नाव द्या. न्यायालयाने सांगितलं की असा नियम कायद्यात नाही. आपल्याकडे किरण, सुहास, शिरीष ही नावं दोघांनाही ठेवतात, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. जर्मन कॉमिकमध्ये भारतीय वंशाचं नॉनबायनरी पात्र आणायचं असेल तर 'किरण' या नावामागे हा न्यायालयीन इतिहास आहे, आणि 'किरण्स टाशे' म्हणताना अपॉस्ट्रॉफीचीही अडचण नाही.

नवशिका_बी1

कायद्याने आता सर्वनाम ठरतं का? आणि ताऱ्यावर बंदी आहे असं ऐकलं.

शाईदौत

वेगवेगळ्या गोष्टी आहेत, एकत्र करू नका. संविधान न्यायालयाने 2017 मध्ये तिसऱ्या नोंदीचा निर्णय दिला, डिसेंबर 2018 पासून नागरी नोंदीत 'डिवेर्स' हा पर्याय आला. 1 नोव्हेंबर 2024 पासून स्वयंनिर्णय कायदा लागू आहे, त्याने नाव आणि लिंगनोंद बदलणं सोपं झालं. सर्वनाम कोणतं हे यातला कुठलाही कायदा सांगत नाही.

ताऱ्याबद्दल: जर्मन शुद्धलेखन परिषदेने शब्दाच्या आतली ही चिन्हं मूळ शुद्धलेखनाचा भाग मानलेली नाहीत, 2023 मध्येही तीच भूमिका राहिली. बायर्न (बव्हेरिया) राज्यात 1 एप्रिल 2024 पासून सरकारी कार्यालयं, शाळा, विद्यापीठं यांच्या अधिकृत लेखनात ती चालत नाहीत. खाजगी प्रकाशकाच्या कॉमिकला हे लागू नाही. आणि 'क्सीअर'मध्ये तसं चिन्हच नाही. तो साधा शब्द आहे.

उजळणी

वेबकॉमिक करणाऱ्यांसाठी विचारते: स्क्रीनरीडर वापरणाऱ्या अंध वाचकांसाठी पर्यायी मजकूर लिहिताना कोणतं चिन्ह बरं?

अक्षरजुळणी

जर्मन अंध संघटनेचं म्हणणं असं, की शक्यतो चिन्हं टाळावीत, दोन्ही रूपं पूर्ण लिहावीत किंवा तटस्थ शब्द घ्यावा. चिन्ह वापरायचंच तर तारा. दोन टिंब स्क्रीनरीडरला सोपी असा समज पसरलेला आहे, पण टिंबांवर वाचनयंत्र वाक्य संपल्यासारखं थांबतं. पर्यायी मजकुरात 'लेझेंडे' (वाचणारे) अशी क्रियेवरून बनलेली नामं सगळ्यात सुरळीत. अनेकवचनात त्यांना लिंगच नसतं. एकवचनात मात्र उपपद 'डेर' किंवा 'डी' परत येतं, तिथे सावध.

पर्यायी मजकूर लिहिताना दुसरी चूक जास्त मोठी होते. चित्राचं वर्णन करताना लोक 'आइने फ्राऊ मिट कुर्त्सन हारेन' (आखूड केसांची बाई) असं लिहून टाकतात, आणि त्याच पात्राला फुग्यात 'क्सीअर' असतं. वर्णनात पात्राचं नाव लिहा.

व्याकरणवाट

आता मराठी. जर्मनमध्ये जे 'इश' आणि 'डू' बिनधोक आहेत ते मराठीत आल्याबरोबर लिंग मागतात. 'मी आलो' की 'मी आले'? 'तू येतोस' की 'येतेस'? म्हणजे जर्मन कॉमिकमध्ये जो प्रश्न मोजक्या फुग्यांत होता तो मराठीत जवळजवळ प्रत्येक फुग्यात उभा राहतो. मराठीने मात्र सुटकेच्या वाटाही दिलेल्या आहेत, आणि त्या अस्सल बोलीतल्या आहेत.

प्रथम पुरुषात भविष्यकाळ मोकळा आहे: मी येईन, मी सांगेन. वर्तमानकाळी नकार मोकळा: मी येत नाही. 'जातोय/जातेय' लिंग दाखवतं, 'मी जात आहे' दाखवत नाही, पण फुग्यात ते पुस्तकी वाटतं. त्यापेक्षा 'निघायचंय मला' लिहा. सकर्मक भूतकाळ मोकळा, कारण क्रियापद कर्माच्या मागे जातं: मी पत्र लिहिलं, मी भाकरी खाल्ली. अपवाद पाठ करा: विसरणे, बोलणे, भेटणे, शिकणे, पिणे, जेवणे. 'मी विसरलो/विसरले' ऐवजी 'माझ्या लक्षातच राहिलं नाही', 'जेवलो/जेवले' ऐवजी 'माझं जेवण झालं'. 'म्हणालो/म्हणाले' ऐवजी 'मी म्हटलं' आहेच. शरीराच्या आणि मनाच्या गोष्टी 'मला'ने सुरू करा: मला भूक लागली, मला कंटाळा आला, मला ते आवडलं.

द्वितीय पुरुषात 'तुम्ही आलात' मोकळं आहे, पण प्रेमात पडलेली दोन तरुण पात्रं एकमेकांना 'तुम्ही' म्हणणार नाहीत. 'डू'च्या जागी 'तू'च हवं. मग 'कधी येशील?', 'तुला यायचंय?', 'काय केलंस हे?', 'येत का नाहीस?' अशी रूपं घ्या.

तृतीय पुरुषात सगळ्यात कामाची गोष्ट आदरार्थी अनेकवचन. 'ते' आणि 'त्या' कर्त्याच्या जागी वेगळे, पण पुढे 'त्यांनी', 'त्यांना', 'त्यांचं' दोघांसाठी एकच. वर कारकप्रेमींनी 'हेगर स्वतः कॉमिक्स काढतात', 'यांनी घडवला' असं लिहिलंय ते पाहा. वाक्यात कुठेही लिंग आलेलं नाही आणि कृत्रिमही वाटत नाही. 'आले/आल्या' सारखी अकर्मक भूतकाळी रूपं तेवढी टाळायची.

कारकप्रेमी

आणि 'ते' नपुंसकलिंगी एकवचन? 'किम आलं, ते बसलं'?

व्याकरणवाट

मराठीत अनोळखी माणसासाठी नपुंसकलिंग स्वाभाविकच आहे: 'कोण आलं?', 'कुणीतरी बसलंय'. त्या बाबतीत मराठी जर्मनच्या पुढे आहे, त्यांचा 'वेर' पुल्लिंग ओढतो. पण ओळखीच्या मोठ्या माणसाला 'ते आलं' म्हटलं की पोर, लेकरू असा सूर लागतो. जर्मन 'एस'चंही तसंच आहे. काही नॉनबायनरी लोक स्वतःसाठी 'एस' निवडतात, इतरांना ते वस्तू म्हटल्यासारखं वाटतं. मूळ कॉमिकमध्ये पात्राने स्वतः 'एस' निवडलेलं असेल तर मराठीत 'ते आलं' बरोबर बसेल, धक्क्यासकट. 'क्सीअर' किंवा 'डेय'साठी ते वापरू नका.

नवं सर्वनाम मराठीत तसंच उचलायचं का, हा वेगळा निर्णय. 'क्सीअर' देवनागरीत लिहिलं तरी त्याला मराठी विभक्ती लावाव्या लागतात, 'क्सीअरला', आणि क्रियापदाचं लिंग सुटत नाहीच. ज्या चौकटीत पात्र स्वतःचं सर्वनाम सांगतं तिथे मूळ शब्द ठेवा, बाकी आदरार्थी रूपांवर चालवा.

उजळणी

एखादा फुगा दोन्ही भाषांत करून दाखवाल का? असं धरा, की किमची बॅग कॅफेत राहिली आहे आणि मित्रमंडळींपैकी एक जण ती पोचवणार आहे.

कारकप्रेमी

'क्सीअर'ने: 'क्सीअर हाट क्सीझे टाशे फेरगेसन. इश ब्रिंग झी क्सीम.' इथला 'झी' म्हणजे बॅग, कारण 'टाशे' स्त्रीलिंगी. मोठ्या अक्षरांत वाचक क्षणभर 'तिला आणते' असं वाचू शकतो, पण शेवटचा 'क्सीम' गैरसमज मिटवतो. 'डेय'ने: 'डेय हाट डेरेन टाशे फेरगेसन. इश ब्रिंग झी डेनेन.' इथे शेवट अनेकवचनी ऐकू येतो, म्हणून मी 'डेनेन'च्या जागी नाव घालेन: 'इश ब्रिंग झी किम.' किंवा बॅगेऐवजी पुल्लिंगी 'रुकझाक' (पाठीवरची सॅक) काढायला लावायचा, म्हणजे 'झी'च्या जागी 'ईन' येईल. अनुवादात मात्र चित्र बदलता येत नाही.

व्याकरणवाट

मराठीत: 'किमची बॅग राहिली. मी नेऊन देईन.' 'विसरून गेला/गेली' टळलं, बोलणाऱ्याचं लिंगही उघड झालं नाही. किम गटातलं वयाने मोठं पात्र असेल तर 'त्यांची बॅग राहिली, मी नेऊन देईन त्यांना.'

अक्षरजुळणी

जर्मन 'क्सीअर' आवृत्तीत दोन वाक्यं मिळून नऊ शब्द, मराठीत सहा. मराठी फुगा रिकामा दिसेल, पण देवनागरीला वर-खाली मात्रा असल्याने ओळींतलं अंतर रोमनपेक्षा जास्त ठेवावं लागतं, त्यात तो भरून निघतो. तीन ओळी करा: 'किमची बॅग / राहिली. मी / नेऊन देईन.' नाव तुटू देऊ नका.